मालनबाईचं कासव, कुंदनचा पोपट

चौतीस वर्षं मी हायस्कुलात शास्त्र शिकवलं आणि चौतीस वर्षं दर सहामाहीला एक प्रश्न घातला: फरक स्पष्ट करा. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारायची, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, आणि मुद्द्याला मुद्दा भिडवायचा. रेघ वाकडी आली तर मी अर्धा गुण कापायचे, त्यामुळे पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची तेही मला माहीत होतं. या प्रश्नात दर वेळी पैकीच्या पैकी गुण घेणारा एकच मुलगा मी पाहिला, कुंदन फकिरा विधाते. त्याच्याविषयी मी बरं बोलणार नाही, हे आधीच सांगते. पण ही गोष्ट त्याच्या आईची आहे. तिने कधी अशी रेघ मारली नाही, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

मालनबाई माझी घरमालकीण. सत्त्याऐंशी साली नाशकात गंगापूर रोडला बंगले मोजके आणि मळे जास्त होते. विधात्यांचा दोन एकरांचा मळा, त्यात शेवंती आणि झेंडू, बांधाला मेथी-कोथिंबीर, एक विहीर, विहिरीशेजारी शेवग्याचं झाड आणि पत्र्याचं घर. घराला लागून दोन खोल्या होत्या. मी एकटी, बिनलग्नाची बाई, म्हणून चार ठिकाणी नकार ऐकून तिथे पोचले होते. मालनबाईने वर-खाली बघितलं आणि एवढंच विचारलं, "आमी पहाटं फुलं तोडाया उठतो. आवाज चालंल ना?" मी म्हटलं चालेल, आणि ते पुढे चोवीस वर्षं चाललं.

ती काही देवमाणूस नव्हती. गेलेल्या माणसाला गोड करून सांगायची आपल्याकडे खोड आहे, मला ती नाही. मालनबाई चिकट होती, संशयी होती, पाण्याच्या पाटावरून जावेशी सात वर्षं अबोला धरून होती. फुलबाजारात एखाद्या व्यापाऱ्याने शेवंतीला नाव ठेवलं तर त्याच्या सात पिढ्यांना ती नाव ठेवायची. माझ्या कपड्यांच्या दोरीवर स्वतःची लुगडी वाळत घालायची आणि मी काही बोलले की म्हणायची, "दोरी तुमची, पन ऊन आमचं हाय." या बाईला मऊ जागा एकच होती, कुंदन. एकुलता एक पोरगा.

नव्वदच्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवरचा जुना आंबा बंगल्यासाठी तोडला. त्याच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं निघाली. दोन त्याच दिवशी गेली. तिसरं कुंदनने सदऱ्याच्या ओच्यात घालून आणलं, अंगावर पीस नाही, नुसतं पोट आणि चोच. तो तेव्हा नऊ वर्षांचा. मालनबाईने आधी दोघांना शिव्या दिल्या, मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ स्वतःच्या तोंडात चावून त्या पिल्लाला बोटाने भरवली. असं दोन महिने. पोरगा रडू नये म्हणून केलं, असं ती म्हणायची. गळ्याला काळी-गुलाबी रेघ उमटली तेव्हा कळलं की नर आहे. कुंदनला भावंड नव्हतं, म्हणून त्याने त्याचं नाव भाऊ ठेवलं.

भाऊ दोनच वाक्यं शिकला, आणि दोन्ही कुंदनची. कुंदन शाळेतून यायचा तो फाटकापासून ओरडत यायचा, "आई, भूक लागली." आणि मी आले की घरात वर्दी द्यायचा, "बाई आल्या, बाई आल्या." म्हणजे खेळ बंद, पुस्तक उघडा. पोपटाने दोन्ही जशीच्या तशी उचलली, कुंदनच्याच आवाजात, शेवटी जरा हेल काढून. मालनबाई फुलं गुंफताना फसायची, उठून आत जायची आणि पिंजऱ्याला शिवी देत परत यायची. पण पेरूची फोड किंवा हिरवी मिरची देऊनच परत यायची.

चौऱ्याण्णव साली फकिराभाऊ, तिचे यजमान, काविळीने गेले. बारा दिवसांत माणूस संपला. दिराने मळ्याची वाटणी मागितली, ती दिली. उरलेल्या एका एकरात तिने कुंदनला वाढवलं. पोराला कधी विळा धरू दिला नाही. म्हणायची, "त्यानं बाईंसारखं शिकावं." मीही फुशारून जायचे. त्याच सुमाराला कुंदनचा आवाज फुटला, घोगरा झाला. भाऊचा फुटला नाही. कुंदन बारावीत गेला, कॉलेजात गेला, मोटरसायकलवरून उशिरा येऊ लागला, आईशी एका शब्दात बोलू लागला. घरात मात्र रोज दुपारी नऊ वर्षांचा पोरगा ओरडायचा, आई, भूक लागली. मालनबाई काय ते समजून होती. एकदा मला म्हणाली, "मोठा झाला तो मोठा झाला. ह्यो हाय तवर माझा बारका बी हाय."

प्राणिशास्त्र घेऊन कुंदन बीएस्सी झाला. नोकरी शोधायची सोडून दोन हजार दोन साली कोकणात गेला. तिथे किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, ऑलिव्ह रिडले जातीची. लोक अंडी उकरून खायचे, कोल्ही पळवायची. एका संस्थेने ती अंडी जपायचं काम काढलं होतं. काम चांगलंच होतं, त्यात मी खोट काढत नाही. रात्र-रात्र पोरं वाळू तुडवत होती. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा मी तो शाळेच्या फळ्यावर डकवला आणि मालनबाईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "येनार कवा, ते लिवलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी तो दिवाळीला आला, दुसऱ्या वर्षी एक दिवस आला, पुढची दोन वर्षं आलाच नाही. फोन माझ्या खोलीत होता. महिन्यातून एकदा वाजायचा. "आई, बरी आहेस ना? इकडे अंड्यांचा सीझन आहे." मालनबाई रिसिव्हर दोन्ही हातांनी धरायची आणि म्हणायची, "भाऊला फोनवर घेऊ का?" तो म्हणायचा, "नको, बिल चढतंय."

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ती स्वतःच निघाली. कुंदन होता त्या गावी पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला लोक येतात, हे तिने माझ्याकडून ऐकलं होतं. मी दहावीच्या पेपरांत अडकले होते, नाहीतर सोबत गेले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं. सीबीएस स्टँडवरून तिला एसटीत बसवून दिलं. सोबत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि स्टीलचा मोठा डबा भरून कुंदनसाठी लाडू. पोपटाचं दाणापाणी चार दिवस माझ्याकडे.

तिथे काय झालं ते तिने मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. सकाळी वाळूवर दोरी लावली होती, दोरीमागे मुंबई-पुण्याची मंडळी. मधे कुंदन टोपली घेऊन उभा, टोपलीत बोटभर पिल्लं वळवळत होती. तो सगळ्यांना माहिती सांगत होता. मालनबाई पुढे सरकली. आयुष्यभर कीर्तनात ऐकलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती, आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असते: कासवीला दूध नसतं, ती पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते. पोराच्या कामातलं आपल्यालाही काही कळतं, या आनंदात ती म्हणाली, "कासवी नजरंनं पोसती ना रे पिल्लं?"

लोक हसले. कुंदनही हसला. म्हणाला, "नाही आई. ही अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लं तिला कधी दिसतही नाहीत. त्यांना आईची गरजच नसते. जन्मल्यापासून स्वतंत्र." आणि लोकांकडे वळून म्हणाला, "हजारातलं एखादंच जगतं."

"आईची गरजच नसते" हे वाक्य मालनबाईने मला तीनदा सांगितलं. राग म्हणून नाही. तिला ते पटत नव्हतं एवढंच.

पिल्लं समुद्राकडे निघाली. एक उलटं पडलं होतं, पाय हलवत. लाट आली आणि त्याला परत वर टाकून गेली. लोक पांगले, कुंदन पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेला. आईची आणि त्याची दोन दिवसांत मिळून तासभर भेट झाली होती. मालनबाईने ते पिल्लू उचललं. लाडवांचा डबा रिकामा होता. पदराचा धडपा फाडून, भिजवून तिने डब्यात घातला, त्यावर पिल्लू ठेवलं आणि दोन एसट्या बदलून ते नाशकात आणलं. हजारातलं एकच जगतं, मग मरणारं एक नेलं तर काय बिघडलं, हा तिचा हिशेब होता. आणि तो चुकीचा होता असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तिने ते विहिरीत सोडलं. आमच्याकडे जुन्या विहिरीत कासव असतंच, कुणीतरी मुद्दाम सोडलेलं. पाणी निर्मळ राहतं आणि घरात बरकत टिकते म्हणतात. विधात्यांच्या विहिरीतही एक होतं. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा ते कुणी तरी उचलून नेलं. तेव्हापासून मालनबाईच्या मनात होतंच. शिवाय या कासवाला आई नव्हती. तेव्हा ती स्वतः विहिरीच्या काठावर बसायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. फुलांचा बाजार सोडून, तास-तास, टक लावून. नजरेनं पोसत होती.

मला वाटलं, बाई विहिरीत काय बघते? पाचव्या दिवशी मी डोकावले. पायरीजवळच्या पाण्यावर करड्या रंगाचं, बिस्किटाएवढं पिल्लू तरंगत होतं, वल्ह्यासारखे पाय हलवत. ते पाय बघूनच मी ओळखलं. "मालनबाई, हे समुद्राचं आहे. गोड्या पाण्यात जगत नाही हे."

ती काठावरून उठलीही नाही. म्हणाली, "कासव ते कासवच ना, बाई? खाऱ्यातल्याला गोडं मिळालं, चांगलंच झालं की."

मी तिला नको तेवढी रागावले. तेव्हा ती उठली, घरातलं खडामीठ आणलं आणि माझ्या देखत विहिरीत ओतायला निघाली. मी तिला अडवलं. मग मी शहाणीने काय केलं? पिल्लू घमेल्यात घेतलं, शाळेतून तराजू आणला आणि लिटरला पस्तीस ग्रॅम असं मीठ मोजून पाणी केलं. पुस्तकात आकडा दिलेला असतो. चार जाणत्यांना विचारावं असा प्रसंग, पण मी एकटीच पुस्तक उघडून बसले. दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही, मान खाली जाऊ लागली. तेव्हा मी कुंदनला फोन केला. वाचवायचा उपाय विचारायला केला, शपथेवर सांगते. पण चुगली व्हायची ती झालीच.

कुंदन रातोरात निघून दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दोन वर्षांनी घरी आला. पिल्लू पहाटेच मेलं होतं. तरी मालनबाईने चहा ठेवला, चुलीवर वांगी भाजायला घातली, आणि मला हळूच म्हणाली, "कासवानं आनलं बघा त्याला." तेव्हा मला समजलं की पाण्याचं, बरकतीचं सगळं वरवरचं. कासवं बघायला तो घर सोडून लांब राहतो, तर एक आपल्या विहिरीत असावं, म्हणजे ते बघायला येईल. एवढाच तिचा बेत होता.

कुंदन घमेल्याशी उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "आई, हा गुन्हा आहे. सात वर्षांची शिक्षा आहे याला. बाहेर कळलं तर संस्थेत माझं काय होईल याची कल्पना आहे तुला? कासवं वाचवणाऱ्याच्या आईनेच कासव मारलं म्हणतील."

"मला ठावं नव्हतं रे."

"ठाऊक नव्हतं म्हणूनच तर सगळी जनावरं मरतात." त्याने वर बघितलं. ओट्यावर पिंजरा टांगलेला होता. भाऊने त्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण नेमकं तेव्हाच तो म्हणाला, आई, भूक लागली. कुंदनचा चेहरा लाल झाला. "आणि हा. हाही गुन्हाच. सोळा वर्षं एका जिवाला कोंडून ठेवलंय. एकाचं तरी भलं होऊ दे."

पिंजऱ्याचं दार त्याने उघडलं. पोपट बाहेर येईना. दांडीवर आणखी मागे सरकला. मी तेव्हा बोलले, नाही असं नाही. म्हटलं, "कुंदन, याला आता रानात जमेल का?" तो म्हणाला, "बाई, पक्ष्याला पंख कशाला असतात ते तुम्हीच शिकवलंत." यावर मी गप्प बसले. आयुष्यात नको तिथे बोलले आणि बोलायचं तिथे गप्प बसले, त्यातली ही एक वेळ.

मालनबाईने पिंजऱ्याला हात घातला. "कुंदन, ह्यो राहू दे. तुला काय पायजे ते कर, पन ह्यो राहू दे." तिने यापूर्वी त्याच्याकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याने तिचे हात सोडवले, टॉवेलात पोपट धरला, अंगणात आला आणि वर उडवला.

भाऊ कसाबसा शेवग्यावर जाऊन बसला. फांदी हलली की घाबरायचा. आणि मग त्याला येत होतं तेवढंच त्याने सुरू केलं. आई, भूक लागली. आई, भूक लागली. मालनबाई पेरूची फोड घेऊन झाडाखाली धावली. कुंदनने तिला दंडाला धरून मागे आणलं. "देऊ नकोस. मागून मिळतंय म्हटल्यावर शोधणार कसा? सवय होऊ दे." दिवसभर वर एक पोरगा भूक लागली म्हणून ओरडत होता, खाली त्याच पोराने आईला धरून ठेवलं होतं, आणि ती हातात फोड घेऊन ओट्यावर बसली होती. तिने त्या दिवशी स्वतःही काही खाल्लं नाही. भाजलेली वांगी तशीच पडली.

दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी त्याला शेवग्यावरून हुसकलं. शेजारच्या अर्धवट इमारतीच्या बांबूंवर गेला, तिथून आवाज येत राहिला, पण बारीक. दुपारच्या गाडीने कुंदन परत गेला, सीझन होता. तो फाटकाबाहेर पडताच मालनबाई चप्पल न घालता इमारतीकडे पळाली. वॉचमनच्या हातापाया पडून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. "भाऊ, ये रे. ये, मिरची हाय." तो आणखी वर गेला. सोळा वर्षांत त्याला खांद्यावर येऊन बसायची गरज पडली नव्हती, पिंजऱ्यापाशीच माणूस यायचं. तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या पोत्यांमागे तो सापडला. डोकं टोचलेलं होतं, पोट पाठीला लागलेलं. मालनबाईने त्याला विहिरीकाठी पुरला, कासवाच्या शेजारी.

आठवड्याने फोन आला. मी समोरच होते. कुंदनने काही विचारलं आणि मालनबाई म्हणाली, "हो, थव्यासंगं गेला. येतो ना, संध्याकाळी शेवग्यावर बसतो. लय मजेत हाय." रिसिव्हर ठेवून तिने माझ्यापुढे हात जोडले. "त्याला सांगू नका. त्याच्या जिवाला लागंल. त्याला तरी काय ठावं होतं? मला कासवाचं ठावं नव्हतं, त्याला पोपटाचं. दोघं मायलेक सारखीच अडानी."

या एका वाक्यावर ती बाई उभी राहिली. पुन्हा फुलबाजारात जाऊ लागली, पुन्हा भांडू लागली. पिंजरा तिने भंगारात दिला नाही. कुंदन मात्र त्यानंतर एकदाही आला नाही. येणार होता, येणार होता, असं दोन वर्षं चाललं.

दोन हजार आठ साली मी निवृत्त होणार होते. निरोपाच्या महिन्यात शाळेने माजी विद्यार्थी म्हणून कुंदनला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता: ऑलिव्ह रिडले कासव आणि कंठवाला पोपट, एक तुलना. मालनबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली. पडद्यावर चित्र आलं. मधोमध सरळ उभी रेघ, डावीकडे कासव, उजवीकडे पोपट. कासव शंभर-सव्वाशे अंडी घालतं, पोपट चार. कासव हजारो मैल पोहतं, पोपट पाच-दहा कोसांत जगतो. कासवी मागे वळून बघत नाही, पोपट आळीपाळीने पिल्लं भरवतात. कासव मुकं, पोपट दुसऱ्याचं ऐकलेलं बोलतो. पैकीच्या पैकी. मी शिकवलेला मुलगा.

मग गंमत म्हणून त्याने सांगितलं, "आपल्याकडे अजून समज आहे की कासवी नजरेने पिल्लं पोसते. आमच्या ओळखीच्या एका आजींनी समुद्री कासव विहिरीत सोडलं आणि बघत बसल्या." सहाशे पोरं हसली. नंतर आवाज खाली आणून म्हणाला, "पण माणूस बदलू शकतो. आमच्या घरी सोळा वर्षं पोपट पिंजऱ्यात होता. मी त्याला मोकळं केलं. आज तो आपल्या थव्यात आहे." टाळ्या पडल्या. मी उठायला लागले तर मालनबाईने माझा हात घट्ट दाबला. ती त्याच्याकडे बघत होती. पूर्ण तासभर तिने त्याच्यावरची नजर काढली नव्हती. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "तो पोपट परत भेटायला येतो का?" कुंदन हसून म्हणाला, "आईला विचारा, ती इथेच आहे." सगळ्यांनी माना वळवल्या. मालनबाई उभी राहिली. "येतो," म्हणाली, आणि बसली.

कार्यक्रमानंतर त्याने लिहिलेली पुस्तिका वाटली. पातळ, हिरव्या कव्हराची. कुंदन हेडबाईंकडे जेवायला गेला, तिथून रात्रीच्या गाडीने जाणार होता. आम्ही दोघी घरी आलो. मालनबाईने पुस्तिका माझ्यापुढे धरली. "पोपटाचं काय लिवलंय तेवढं वाचा."

मी पान उघडलं आणि ते वाक्य मला आधी दिसलं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं, चार गोड ओळी रचून सांगायला हव्या होत्या. पण माझं डोकं तापलेलं होतं. त्या सहाशे पोरांचं हसू कानात होतं. मी मोठ्याने वाचलं. "पिंजऱ्यात वाढलेला पोपट एकदम मोकळा सोडू नये. त्याला अन्न शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. असा पक्षी दोन-तीन दिवसांत मरतो. हे माहीत असूनही जे सोडतात, ते त्याला मारतातच."

मालनबाई बोटांनी लुगड्याच्या काठाची नवी घडी मोडत बसली. मग म्हणाली, "बाई, ह्ये पुस्तक छापलं कवा?"

पहिल्याच पानावर खाली होतं, पहिली आवृत्ती, जून दोन हजार चार. भाऊला उडवला त्याच्या दोन वर्षं आधी.

चौतीस वर्षं मी कुणाचा अर्धा गुण वाढवला नव्हता. मी म्हटलं, "यंदाच."

"मंग नंतर शिकला म्हना."

"हो. नंतर."

"तेच म्हनते मी," ती म्हणाली, आणि पुस्तिका माझ्या हातातून घेतली.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. जावेची नात, सुवर्णा, तेव्हा रोज दुपारी तिच्याकडे अभ्यासाला येऊन बसायची, खणखणीत वाचायची. मालनबाई तिच्याकडून विजेचं बिल वाचून घ्यायची, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून घ्यायची, लग्नाच्या पत्रिका वाचून घ्यायची. ती हिरवी पुस्तिका रिकाम्या पिंजऱ्यात ठेवलेली असायची. ती मात्र तिने सुवर्णाकडून कधी वाचून घेतली नाही.